उंबऱ्याबाहेरचं इंग्रजी

आमच्या चाळीत पुरुषांना नावं नव्हती. म्हणजे गिरणीच्या हजेरीपटावर असतीलच, पण चाळीत ती कुणी उच्चारत नसे. बायको नवऱ्याला 'हे' म्हणायची, दुसऱ्यांशी बोलताना 'आमचे' म्हणायची, आणि बाकी सगळी चाळ त्या माणसाला त्याच्या थोरल्या पोराच्या नावानं ओळखायची. मी थोरली, मंदा, म्हणून माझे वडील म्हणजे मंदाचे बाबा. समोरच्या खोलीतले, मिशीला रोज तेल लावणारे, म्हणजे काशीचे बाबा. सोळा वर्षं मी त्या माणसाच्या समोर वाढले, त्यांच्या घरच्या लग्नात जेवले, त्यांचा ओरडा खाल्ला, आणि त्यांचं खरं नाव मला कळलं ते पोलीस चौकीत. आता माझी नात मला विचारते, आजी, तुम्ही एवढे मागासलेले होतात? मी म्हणते, होतो बाई. तू एकदा येऊन त्या मागासलेल्या बायकांसमोर उभी राहून दाखव, मग बोलू.

नायगावची ती चाळ. मधून अंधारी गॅलरी, दोन्ही बाजूंना एकेका खोलीची बिऱ्हाडं, गॅलरीच्या टोकाला नळ. आमच्या एका खोलीत आम्ही सात माणसं आणि गावाकडून कामासाठी आलेले दोघे, म्हणजे नऊ. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. पहिल्या पाळीला असले की पहाटेच्या भोंग्याच्या आधी आये उठायची, स्टोव्हला पंप मारायची, आणि त्या फरफर आवाजानं आम्हाला जाग यायची. उकड्या तांदळाची पेज, तोंडी लावायला भाजलेला सुका बांगडा, कधी नुसता लोणच्याचा खार. बाबा पेजेचा वाडगा दोन्ही हातांनी धरून प्यायचे आणि एक शब्द न बोलता चपला घालायचे. साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांना हळू बोलताच येत नसे, म्हणून घरात ते बहुधा गप्पच राहायचे. बोलले की अख्ख्या मजल्याला ऐकू जायचं. त्यामुळे त्यांनी माझ्याबद्दल जे काही ठरवलं, ते मला कळायच्या आधी मजल्याला कळायचं.

मी मॅट्रिकच्या वर्षाला होते. आमच्या मजल्यावर तिथवर पोचलेली मुलगी मीच. बाकी विषयांचं मला भय नव्हतं, इंग्रजीचं होतं. आमच्या इंग्रजीच्या बाई दादरच्या, बारीक, कडक, पदर खांद्याला पिनेनं टाचलेला. त्यांनी मला सहामाहीत नापास केलं आणि वर सांगितलं की तुझं व्याकरण म्हणजे नुसता चिवडा आहे. तू बापाला 'दे', म्हणजे अनेकवचनी 'ते', म्हणतेस, भाताला 'मेनी' म्हणतेस, आणि माणसांना 'मच' म्हणतेस. भाताचं मी कबूल केलं. बापाचं मात्र माझ्या गळी उतरेना. घरात ज्यांना 'अहो बाबा' म्हणायचं, त्यांना इंग्रजीत 'ही', म्हणजे 'तो', म्हणायचं, म्हणजे शाळेच्या शिपायाला, रस्त्यावरच्या पोराला आणि बाबांना एकच शब्द. बाईंना मी तसं म्हटलं. बाई म्हणाल्या, तुझ्यासाठी इंग्रज भाषा बदलणार नाहीत. मी म्हटलं, गेले ना ते, आता कोण बदलणार. वर्गाबाहेर उभी राहिले. पण शिकायचं मात्र मनाशी पक्कं केलं, कारण मला दुसरी वाट काय होती ते ठाऊक होतं. आत्यानं तिच्या गिरणीत, वायंडिंग खात्यात, रिळांवर सूत गुंडाळायच्या कामाला, माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. आत्याचे हात मी पाहिले होते. रात्री ती बोटांच्या चिरांत खोबरेल भरून बसायची. मॅट्रिक झाले नाही तर ते हात माझे.

म्हणून मी घोकू लागले. आय, मी, माय, माइन. शी, हर, हर, हर्स. दुपारी बाबा कामावर, आये तांदूळ निवडत बसलेली आणि मी तिच्यासमोर फेऱ्या मारत मोठमोठ्यानं म्हणत असे. आयेला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मधेच अडखळले तर ती मान वर करून बघायची. रोज ऐकून तिला चाल पाठ झाली होती, शब्द गळला की चाल मोडायची.

ते दिवस मोर्च्यांचे होते. मुंबई महाराष्ट्राची की कुणाची, यावरून अख्खं गिरणगाव पेटलं होतं. गिरणी सुटली की माणसं घरी न येता मैदानावर जायची. चाळीच्या जिन्यावर खडूनं घोषणा लिहिलेल्या, पोरं घोषणांवर लंगडी खेळायची. आमच्या घरी चळवळ म्हणजे बाबा, आणि बाबांना चळवळीत ओढणारे काशीचे बाबा. ते डांबराचा डबा घेऊन रात्री इंग्रजी पाट्या फासायला जायचे. एक दिवस त्यांनी माझी घोकंपट्टी ऐकली आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. संध्याकाळी खाली चौकात चाळीची सभा होती. तिथे सगळ्यांसमोर ते बाबांना म्हणाले की आपली माणसं मराठीसाठी छातीवर गोळ्या झेलताहेत आणि तुमच्या घरात पोरगी साहेबाची भाषा आळवते आहे. सगळी चाळ बाबांकडे बघू लागली. बाबा उभे राहिले. त्यांना हळू बोलता येत नव्हतं, हे सांगितलंच आहे.

"मुंबई मिळेपर्यंत माझ्या उंबऱ्याच्या आत इंग्रजीचा शब्द निघणार नाही," बाबा म्हणाले.

टाळ्या पडल्या. मी तिसऱ्या मजल्यावरून ऐकत होते, माझ्या अंगाची लाही लाही झाली. मोर्च्यात मीही गेले होते, घोषणा देऊन माझाही घसा बसला होता. मुंबई मला काय कमी हवी होती? पण मुंबई मिळाल्यावर मी त्या मुंबईत रिळं भरत बसायचं, आणि पाटीवरची मराठी वाचून पोट भरायचं, हे मला मान्य नव्हतं. वर येऊन बाबा जेवायला बसले तेव्हा मी सांगितलं की मॅट्रिकच्या अर्जावर पालकाची सही लागते, अर्ज भरायचे दिवस जवळ आलेत. बाबा म्हणाले, शब्द गेला तो गेला. आयेनं त्यांच्या ताटात बोंबलाचं कालवण जरा जास्तच वाढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुस्तक घेतलं आणि उंबरा ओलांडून गॅलरीत आले. उंबऱ्याच्या आत नाही म्हणाले ना, बाहेर मी आहे. नळावर बायकांची रांग होती. तिथेच कट्ट्यावर पाय सोडून बसले आणि सुरू केलं. बायका आधी हसल्या. मग काशीची आई म्हणाली, नुसतं घोकतेस काय, आम्हालाही सांग. म्हटलं, सांगते. हंडे मोजता येतात, ते मेनी. पाणी मोजता येत नाही, ते मच. तिथे तर दुसरा विषयच नव्हता. आज हंडे मेनी, पाणी लिटल. चार दिवसांत रांगेतल्या बायका एकमेकींना 'हाउ मेनी गो?' विचारू लागल्या. कुणाचा जास्त हंडा घुसला की 'टू मेनी, टू मेनी' असा गलका. बाईंनी वर्षभर फळ्यावर शिकवलेलं माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते नळावर शिरलं. भात मच, भाकऱ्या मेनी. राग मच, नणंदा मेनी. आणि सम म्हणजे थोडे, काही, आणि ऑल म्हणजे सगळे. बाबांना हे कळलं तेव्हा त्यांनी मला दारात गाठलं, वळ उठेल असं बघितलं. मी म्हटलं, मी उंबऱ्याच्या बाहेर आहे. ते तसेच आत वळले. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही, मी त्यांचीच मुलगी.

बुधवारी पोलिसांची गाडी आली. आदल्या दिवशी मोर्च्यात दगड पडले होते. कुणी टाकले देव जाणे. पोलिसांनी आमच्या मजल्यावरून अकरा पुरुष उचलले. पहिल्या पाळीचे नुकते घरी आलेले, कुणी जेवत होतं, कुणी आंघोळीला निघालं होतं. बाबांनी जिन्यात हात झटकला तर लाठी डोक्याला लागली. रक्त बघितलं मी. आये खोलीत येऊन फक्त एवढंच म्हणाली की भात झाकून ठेव.

गुरुवारी सकाळी बायका चौकीवर गेल्या. पांढरपेशा वस्तीतल्या कुणाकडून तरी मराठीत अर्ज लिहून आणला होता. तो घ्यायलाच नकार. साहेब इंग्रजीशिवाय अर्ज बघत नाहीत, असं हवालदारानं सांगितलं. हा हवालदार आमच्या समोरच्या पोलीस लायनीतला, त्याची बायको आमच्याकडून विरजण न्यायची. तो खाली मान घालून सांगत होता. बायका परत आल्या आणि कुणी काही न सांगता सगळ्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. काशीची आई पुढे. नवऱ्यानं भर सभेत माझा उद्धार केलेला, त्याच नवऱ्यासाठी तिला माझ्याकडे यावं लागलं. मी टोमणा मारू शकले असते. मारला नाही, हे मी माझं मोठेपण म्हणून सांगत नाही. बाबांच्या डोक्याची जखम माझ्या डोळ्यांसमोर होती.

गॅलरीत बसून, उंबऱ्याबाहेरच, मी आयुष्यातला पहिला इंग्रजी अर्ज लिहिला. दोन तास लागले. दे आर अवर हज्बंड्स अँड फादर्स. दे हॅव डन नथिंग. वुई वाँट देम बॅक. अशी सगळी वाक्यं. प्रत्येक सर्वनाम तीनदा तपासलं. बायकांना अर्थ सांगितला, त्यांनी माना डोलावल्या. सगळ्या मिळून आम्ही चौकीवर गेलो.

साहेबानं कागद वाचला आणि तो हसला. आडनावानं मराठीच होता, आडनाव सांगत नाही. माझ्याशी मात्र इंग्रजीत बोलला. म्हणाला, अर्ज चांगला आहे, पण यात दे कोण? देम कोण? मी कागदाकडे बघितलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. अकरा माणसांच्या सुटकेचा अर्ज, आणि त्यात एकाचंही नाव नव्हतं. दोन तासांत ना मला सुचलं, ना अकरा बायकांपैकी कुणाला खटकलं. खटकणार कसं? आमच्या तोंडी ती माणसं कायम 'हे' आणि 'ते'च होती. साहेबानं हवालदाराला सांगितलं, नावं घे यांच्याकडून. हवालदारानं पेन उचललं आणि बायकांकडे बघितलं. बायका खाली बघू लागल्या. मला विचारलं, तर मला बाबांचं सोडून एकही नाव येत नव्हतं, आणि एकट्या बाबांचंच पुढे करायला जीभ वळेना. हवालदारालाही येत नव्हतं, तोही काशीचे बाबा आणि दगडूचे बाबाच म्हणायचा. एक पार्वतीआजी तेवढी बोलली, कारण तिला मुलाचं नाव घ्यायचं होतं. बाकी दहा नावं अडलेली. नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं लहानपणापासून ऐकलेल्या बायका, आणि आत नवरे रक्त पुसत बसलेले. साहेबानं घड्याळ बघितलं आणि मराठीत म्हणाला की नावं सांगायची नसतील तर घरी जा.

तेव्हा आयेनं पदर खोचला. नाव एकाच प्रकारे घेता येतं, हे तिला माहीत होतं. लग्नात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवाला घेतात तसं. ती टेबलासमोर जाऊन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"आठ तास साच्यावर गाळतात घाम,
कोंडलात त्यांना चौकीत, नाव दत्ताराम."

हवालदाराचं पेन थांबलं. मग त्यानं लिहिलं. आतून कोठडीतून कुणीतरी हसल्याचा आवाज आला, आणि लगेच कुणीतरी त्याला गप्प केल्याचा. काशीची आई पुढे सरकली. ती आधीच बेरकी.

"मुंबईसाठी पुकारा, रस्त्यावर जमाव,
मिशीला बघून भिऊ नका, गुलाब त्यांचं नाव."

गुलाब! ज्या माणसाच्या खाकरण्यानं आम्ही पोरं जिन्यात लपायचो, तो गुलाब. मला हसू आवरेना आणि त्याच वेळी रडूही येत होतं. मग एकेक बाई पुढे आली. कुणाचा उखाणा जुळला, कुणाचा अर्ध्यावर लंगडला. गेल्या महिन्यात लग्न झालेली एक नवी नवरी होती, तिच्या तोंडून शब्दच फुटेना, तिनं माझ्या कानात सांगितलं आणि मी मोठ्यानं सांगितलं. चौकीतले शिपाई कामं टाकून दारात उभे राहून ऐकत होते. साहेब लाल झाला होता. त्याला वाटत होतं आम्ही थट्टा करतोय. आम्ही तेवढ्या गंभीर कधीच नव्हतो.

अकरा नावं लिहून झाली. साहेबानं यादी बघितली, माझ्याकडे बघितलं. मग आवाज उतरवून इंग्रजीत म्हणाला की तू शिकलेली मुलगी दिसतेस. दत्ताराम तुझे वडील ना? त्यांच्या डोक्याला लागलंय. त्यांना आत्ता घेऊन जा. बाकीच्यांचं चौकशीनंतर बघू.

मला प्रत्येक शब्द कळला. तेवढं इंग्रजी मला चांगलंच येत होतं. बाबा घरी येतील, डॉक्टरला दाखवता येईल. अर्ज भरायची मुदत शनिवारी दुपारी संपत होती, त्यावर सही होईल. माझ्या इंग्रजीनंच त्यांना सोडवलं म्हटल्यावर नाही तरी कसं म्हणतील? हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू. मागे वळले. दहा बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, त्यांना काहीच कळलं नव्हतं. मी आयेला हळूच सांगितलं, तो म्हणतोय आपल्या बाबांना घेऊन जा, एकट्यांना. आयेनं कोठडीच्या दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे वळली.

"तुझ्या त्या इंग्रजीत 'सगळे' म्हणूक शब्द आसा मा? मग तो सांग तेका."

मी साहेबाकडे वळले. आवाज बाबांचा लागला, साच्यावर मात करणारा.

"नॉट सम, सर. ऑल. ऑल ऑफ देम."

ऑल म्हणजे काय ते बायकांना ठाऊक होतं. नळावर शिकल्या होत्या. मागून काशीची आई म्हणाली, ऑल. मग पार्वतीआजी. मग सगळ्या. साहेब उठून आतल्या खोलीत निघून गेला. आम्हाला बाहेर काढलं, आणि बाबा आतच राहिले.

त्या दोन दिवसांत आये जेवली नाही, मीही नाही. आपण बाबांना आत ठेवून आलो, हे मनातून जाईना. जखम चिघळली तर? सगळ्या चाळीनं माझी पाठ थोपटली, पण रिकाम्या खोलीत त्या थोपटण्याचा काय उपयोग? मॅट्रिकच्या अर्जाचा कागद मी पुस्तकात घडी करून ठेवला होता. तो उघडून बघायचाही धीर होत नव्हता. शनिवारी सकाळी अकराही जण सुटले. माझ्या इंग्रजीमुळे सुटले असं चाळ पुढे वर्षानुवर्षं सांगत आली. मला तसं वाटत नाही. त्या दिवशी इतर वस्त्यांतलेही सगळे सोडले होते, वरून हुकूम असणार. पण आमच्या बाबतीत कुणी एकटा आधी सुटला नाही, एवढं मात्र आमच्यामुळे.

बाबा जिना चढून आले. डोक्याला फडकं, दाढी वाढलेली. खोलीत येऊन भिंतीला टेकून बसले. आयेनं चहा दिला. ती त्यांच्या नजरेला नजर देत नव्हती, चौकीत नाव घेतल्याची आता तिला लाज वाटत होती. बाबांनी चहा संपवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले की आत सगळं ऐकू येत होतं. त्या साहेबानं मला एकट्याला सोडतो म्हटलेलं, हवालदारानं नंतर सांगितलं. मनात म्हटलं, आता काय ते येऊ दे.

"मला काय म्हणालीस मग इंग्रजीत?"

"तुम्हाला वेगळं काहीच नाही म्हटलं," मी म्हणाले. "सगळ्यांत धरलं."

त्यांनी रिकामा कप आयेकडे सरकवला. मग म्हणाले, बरोबर केलंस. मी एकटा आलो असतो तर या जिन्यानं वर चढलो नसतो. एवढं बोलल्यावर मीही धीर केला. पुस्तकातून अर्ज काढला, पुढे धरला आणि म्हटलं की आज दुपारी मुदत संपते. बाबांनी कागद बघितला. वरपासून खालपर्यंत इंग्रजी. त्यांचा चेहरा पुन्हा कडक झाला.

"मुंबई अजून मिळाली नाही," बाबा म्हणाले.

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, रागानं. मी कागद ओढून घेणार, तेवढ्यात ते गुडघ्यावर हात टेकून उठले. उंबरा ओलांडून गॅलरीत गेले. तिथून हात पुढे केला आणि म्हणाले, आण तो इकडे, आणि दौत-टाक पण आण. भिंतीला कागद लावून, अख्खा मजला दारात उभा राहून बघत असताना, त्यांनी सही केली. मराठीत, अक्षरं सुटी-सुटी काढत, पूर्ण नाव. समोर काशीचे बाबा उभे होते. बाबांनी त्यांच्याकडे बघून सांगितलं की शब्द शाबूत आहे, उंबऱ्याच्या आत काही झालेलं नाही. काशीच्या बाबांनी मिशीवरून हात फिरवला आणि, गुलाबच म्हणायचं आता, खाली बघून हसले. मी तशीच शाळेकडे पळत सुटले. कारकून म्हणाला, सही इंग्रजीत हवी. मी म्हटलं, माझे वडील मराठीत सही करतात, घ्यायची तर घ्या. घेतली.

मॅट्रिक मी पास झाले, इंग्रजीत काठावर. पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले, आणि नोकरीभर रोज हजारदा 'हू इज इट' म्हणत राहिले. पण बाबांचा शब्द मुंबई मिळेपर्यंत चालू होता आणि मीही तो पाळला. कामावरून आले की गॅलरीतच बसायची. हळूहळू मजल्यावरच्या मुली इंग्रजी शिकायला येऊन बसू लागल्या, सर्वांत आधी काशी. मुंबई मिळाली त्या दिवशी चाळ सजली होती, ढोल वाजत होते, आयेनं खीर केली होती. बाबांनी खोलीतून मोठ्यानं हाक मारली. हळू बोलणं त्यांना कधी जमलंच नाही.

"मंदे, आता आत ये. काय तुझं ते मच-मेनी, आत बसून म्हण."

मी आत गेले नाही. म्हटलं, बाबा, इथे माझ्या सहा मुली बसल्यात, खोलीत मावायच्या नाहीत. तुम्हीच बाहेर या. थोड्या वेळानं ते खिरीची वाटी हातात घेऊन आले आणि कट्ट्याच्या कडेला, मुलींच्या मागे, बसले.